फोटोपुरतं मतदान

मी आखातात कॅम्प बॉस होतो असं सांगितलं की आमच्या चिपळूणकडे लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर मी लष्करात होतो, नाहीतर तुरुंगात. एका लग्नात नवरीच्या मामांनी माझी ओळख "हे मस्कतला जेलर होते" अशी करून दिली. मी ती दुरुस्त केली नाही, कारण त्यानंतर यजमानांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली.

खरं काम असं. मोठी कंपनी आडरानात काम घेते, तेव्हा तिथं शेकडो माणसं आणून ठेवावी लागतात. त्यांच्या खोल्या, गाद्या, जेवण, पाणी, धोबी, बस, एसी, भांडणं आणि आजारपणं सांभाळणारा जो माणूस असतो तो कॅम्प बॉस. बॉस हा शब्द फसवा आहे. गॅस संपला तर बॉसला शिव्या, डाळ पातळ झाली तर बॉसला शिव्या आणि शेजारच्या पलंगावरचा माणूस स्पीकर लावून बायकोशी भांडत असेल तरी शिव्या बॉसलाच. ही विद्या कुठं शिकवत नाहीत. एका खोलीत दोन आचारी ठेवू नयेत, दोन घोरणारे मात्र जरूर एकत्र ठेवावेत. क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी बिर्याणी करावी, म्हणजे जिंकणारे आणि हरणारे दोघंही जेवायला येतात. मेसच्या मागे कुणी बकरी पाळली असेल तर ती ईदपर्यंत आपल्याला दिसत नाही असं धरून चालावं.

दिवाळी अंकासाठी परदेशातल्या नोकरीवर लिहा असा निरोप आला, तेव्हा संपादकांना उंट आणि अत्तर यांची अपेक्षा असावी. उंट मी पुष्कळ पाहिले, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी एक निवडणूक आहे. ती मी घेतली.

माझी शेवटची नोकरी मसिरा बेटावर होती. ओमानच्या पूर्वेला समुद्रात हे लांबुडकं बेट आहे. शन्नाच्या धक्क्यावरून फेरीने जायचं. कासवं, मासळी आणि वारा यांची तिथं कमतरता नाही. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आणि त्याची पाइपलाइन असं आमच्या कंपनीचं काम होतं. राहण्याच्या जागेचे दोन भाग होते. साहेब लोक राहायचे तिला कॉलनी म्हणत. तिथं बंगलेवजा घरं, टेनिस कोर्ट आणि रोज पाणी पिणारी हिरवळ. बाकी सगळे राहायचे तो कॅम्प. मध्ये जाळीचं कुंपण. मराठीत दोन्हीला वसाहत म्हणता येतं, पण कुंपणाच्या अलीकडून तसं म्हणायला जीभ वळत नसे.

प्रकल्पाचे डायरेक्टर इंग्रज होते. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. उंच, नम्र माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांचं बालपण कुठल्याशा दूरच्या बेटावर गेलं होतं. ती इंग्रजांची छोटी वसाहत होती आणि त्यांचे वडील तिथं सरकारी अधिकारी होते. त्या बेटाला विधिमंडळ होतं, निवडणूकही व्हायची. साहेब फार प्रेमाने सांगत, "माझ्या वडिलांनी ती निवडणूक घेतली होती. इतकी सुरळीत झाली. मतदार इतके मोजके की मतदानानंतर सगळ्यांना आमच्या व्हरांड्यात चहाला बोलावता आलं."

एकदा मी विचारलं, "आणि बेटावरचे बाकीचे लोक?"

साहेब म्हणाले, "त्यांनी चहा केला."

ते विनोद करत नव्हते. त्यांना आठवत होतं ते सांगत होते.

या प्रकल्पाला युरोपातल्या एका बँकेचं कर्ज होतं. बँकेने पत्र पाठवलं की रहिवाशांची निवडून आलेली कल्याण समिती असल्याशिवाय आमचा तपासनीस समाधानी होणार नाही. तपासनीस येणार म्हटल्यावर साहेबांना वडिलांची आठवण झाली, आणि त्यांनी एका बैठकीत आमच्या वसाहतीला राज्यघटना दिली. नाव ठेवलं कॉलनी कौन्सिल.

ती घटना कागदावर उतरवली आमच्या एचआर मॅनेजर बापटांनी. बापट पुण्याचे. बायको आणि मुलगी मस्कतला अल मवालेहमध्ये, हे आठवडाभर बेटावर. माणूस सज्जन, फक्त साहेबांच्या तोंडून निघालेलं वाक्य जमिनीवर पडण्याआधी झेलायची त्यांना सवय होती. कौन्सिलचे सदस्य नऊ. अध्यक्ष मोठे साहेब. सहा खातेप्रमुख साहेबांनी नेमलेले. उरलेले दोन लोकांनी निवडलेले. दोघांचं आणि सातांचं पटलं नाही तर सातांचं चालायचं, आणि सातांचं साहेबांना पटलं नाही तर साहेबांचं.

"आणि मत कोणाला?" मी विचारलं.

"ग्रेड सात आणि वर," बापट म्हणाले. "शिवाय बेटावर दोन वर्षं वास्तव्य हवं, आणि कौन्सिलची नियमावली इंग्रजीत वाचता आली पाहिजे."

"साहेब, कॅम्पमधला एकही माणूस यात बसत नाही."

"अहो साळवी, एकदम सगळ्यांना कसं देणार? हळूहळू. आधी समज यायला हवी, मग हक्क. साहेबांचंही तेच म्हणणं आहे. ते लोक अजून तयार नाहीत."

ते लोक म्हणजे ज्यांनी जोडलेल्या पाइपचा प्रत्येक सांधा एक्स-रे काढून तपासला जायचा आणि पास व्हायचा ते. सांध्यापुरते ते तयार होते.

निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण टेबलं-खुर्च्या माझ्या ताब्यात होत्या. माझी ग्रेड सहा. म्हणजे निवडणूक घ्यायची मी आणि मत मात्र मला नाही. बापटांना मी ते दाखवून दिलं तेव्हा ते प्रसन्न झाले. म्हणाले, "उत्तमच की. निःपक्षपातीपणाचा प्रश्नच मिटला."

दोन जागांसाठी उमेदवार मिळेनात. शेवटी अकाउंट्समधले एक गृहस्थ उभे राहिले, ड्रॉइंग ऑफिसमधला एक तरुण उभा राहिला, आणि तिसऱ्याचं नाव बापटांनी त्याला न विचारता घातलं, कारण दोन जागांना दोनच उमेदवार असले तर तिला निवडणूक म्हणत नाहीत. प्रचार झाला. एकाने टेनिस कोर्टाला रात्रीचे दिवे मागितले. दुसऱ्याने कॉलनीतल्या भटक्या मांजरांचा प्रश्न हाती घेतला. तिसरा सुट्टीवर गेला.

कुंपणाच्या या बाजूला प्रश्न एकच होता, सावलीचा. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा सरकारी नियम आहे. आमच्याकडे तो पाळला जायचा, शिट्टी वाजली की काम बंद. पण पाइपलाइनची साइट कॅम्पपासून लांब, बस फक्त सकाळ-संध्याकाळ. मधल्या तासांत माणसांनी बसायचं कुठे याची सोय नव्हती. झाड नाही, भिंत नाही. वारा असा की ताटात भातापेक्षा वाळू जास्त. कुणी पाइपच्या पोटात शिरायचं, कुणी ट्रेलरखाली आडवं व्हायचं.

विलास गोताड नावाचा एक स्कॅफोल्डर आमच्याकडे होता, लोखंडी नळ्यांची मचाणं बांधणारा. गाव संगमेश्वराकडचं. भांडकुदळ म्हणजे किती? डाळीवरून भांडायचा, साबणावरून भांडायचा, आणि भांडण्यासारखं काही नसेल तेव्हा दुसऱ्याचं भांडण उसनं घ्यायचा. मला पाहिलं की पहिला शब्द "काय ओ दादा" आणि दुसऱ्या शब्दापासून तक्रार. त्याने एकदा उरलेल्या नळ्या आणि ताडपत्री घेऊन साइटवर मांडव उभा केला. दोन दुपारी माणसं सावलीत जेवली. तिसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर आला, मांडवाला परवाना नाही म्हणाला, आणि गोताडलाच तो उतरवायला लावला. गोताड वर चढून एकेक नळी सोडत होता आणि वरूनच सेफ्टी ऑफिसरला मराठीत काही सांगत होता. तो केरळचा होता म्हणून निभावलं.

मतदान शुक्रवारी ठेवलं. आमच्या सुताराने प्लायवूडची पेटी करून दिली. मतपत्रिका मस्कतहून, रुवीतल्या एका प्रेसमधून आल्या. मतदार मूठभर, पण प्रेसवाला हजाराच्या खाली छापायला तयार नव्हता, म्हणून हजार आल्या. मजकूर बापटांनी इंटरनेटवरून उचलला होता, कुठल्यातरी परदेशी क्लबच्या निवडणुकीचा. खाली तीन नावं, आणि चौथ्या ओळीवर "इतर कोणी असल्यास नाव लिहा" असं इंग्रजीत छापून पुढे रिकामी रेघ. ती रेघ तिथे कशाला, हे मी विचारलं होतं. बापट म्हणाले, "तशी पद्धत आहे."

सकाळी मेसच्या हॉलमध्ये मी पेटी मांडून बसलो. आमचा पीआरओ सालेम, म्हणजे सरकारी कामं बघणारा ओमानी गृहस्थ, चहाला आत डोकावला. आदल्याच वर्षी देशाच्या शूरा परिषदेसाठी त्याने मत दिलं होतं, आपल्या मोबाइलवरून, माझ्यासमोर, चहा गार व्हायच्या आत. तो सगळ्यांना सदीक, म्हणजे मित्र, म्हणायचा. त्याने पेटीवर टकटक केलं आणि विचारलं, "हे काय आहे, सदीक?"

"निवडणूक."

"कोण मत देणार?"

मी सांगितलं. त्याने पेटीच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं," आणि चहा घेऊन गेला.

खरंच तसं झालं. कॉलनीतले मतदार न्याहारीनंतर आले, खुणा करून गेले आणि हॉल रिकामा झाला. तेवढ्यात बापट आले, सोबत ऑफिसमधला एक पोरगेलासा कर्मचारी कॅमेरा गळ्यात अडकवून. तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, त्यांच्या अहवालासाठी मतदानाचे फोटो हवे होते.

"साळवी, रांग कुठाय?"

"साहेब, होती तेवढी माणसं आली आणि गेली."

"अहो, रिकाम्या हॉलचा फोटो कसा पाठवणार? रांग हवी. खूप माणसं, उत्साह वगैरे." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. शुक्रवार असल्यामुळे अख्खा कॅम्प धुणी वाळत घालत होता. "यांना उभं करा की. फोटोपुरतं."

मी हाळी दिली. कॅम्प बॉसने बोलावलं म्हणजे गाद्या किंवा फळं वाटतात असा अनुभव, त्यामुळे माणसं पटापट आली. हॉल भरून रांग दारातून बाहेर धोबीखान्यापर्यंत गेली. कॅमेरावाला खुश झाला. पण त्याला हात रिकामे आवडेनात. म्हणाला, हातात कागद पाहिजेत. कागद होतेच, जवळजवळ हजार शिल्लक. बापटांनीच गठ्ठा सोडून वाटायला घेतला.

सगळ्यात पुढे रामअवध होता. बिहारचा, गोताडच्या हाताखाली नळ्या पुरवणारा, शांत माणूस. त्याने कागद उलटसुलट करून मला विचारलं, "साहब, इसमें करना क्या है?"

कॅमेरावाला मधेच बोलला, "कुछ भी लिखो चाचा. लिखते हुए फोटो अच्छा आएगा."

रामअवधने पेन घेतलं. थोडा विचार केला. मग त्या रिकाम्या रेघेवर सावकाश, जीभ दाताखाली धरून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकलं. कॅमेरावाला म्हणाला, "बढिया. नेक्स्ट."

मागच्याने त्याला विचारलं, क्या लिखा. रामअवधने सांगितलं. मग ते नाव रांगेतून मागे सरकत गेलं. मी टेबलाशी बसून ऐकत होतो. हिंदीतून ते बंगालीत गेलं, बंगालीतून तेलुगूत, दाराबाहेर गेल्यावर पंजाबी आणि पश्तूतून परत आलं. "मचानवाला लिखो." "वो झगड़ेवाला." "अपना गोटाड." बापट तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर रांग कशी दिसते ते पाहत होते. हसतमुख माणसांची एवढी लांब रांग त्यांनी आयुष्यात पाहिली नसेल. मी काही बोललो नाही. निवडणूक अधिकाऱ्याने मतदान चालू असताना मतदाराशी बोलू नये, असं नियमावलीत होतं. मतदार कोण, तेही त्याच नियमावलीत होतं, पण ती इंग्रजीत होती आणि सुट्टीचा दिवस होता.

गोताडही रांगेत होता. त्याने स्वतःचंच नाव लिहिलं का, हे मी त्याला नंतर विचारलं. "गुप्त मतदान हाय ना, दादा?" एवढंच म्हणाला.

दुपारी मी आणि बापट पेटी उघडून बसलो. पहिल्या दहा-बारा घड्यांतच बापटांच्या कपाळाला घाम आला. गोताड. गोटाड. गुताड. विलास भाई. उर्दूत काहीतरी, बंगालीत काहीतरी, मल्याळममध्ये काहीतरी. वाचायला मला मेसमधून माणसं बोलवावी लागली. एकाने नुसतं मचाणाचं चित्र काढलं होतं. दोघातिघांनी स्वतःची नावं लिहिली होती, आणि एकाने "डाळ घट्ट करा".

"साळवी, हे बाजूला काढा," बापट म्हणाले. "फोटोवाल्यांची वेगळी आणि खऱ्या मतदारांची वेगळी."

"कशी काढू, साहेब? कागद एकच, पेटी एकच. मतपत्रिकेवर ग्रेड लिहिलेली नसते."

"ज्यांवर हे नाव आहे ती काढा. फाडून टाकू."

त्यांनी एक उचललीही. तेवढ्यात दारातून इंग्रजीत आवाज आला, "मतमोजणी बघितली तर चालेल ना?"

तपासनीस बाई होत्या. संध्याकाळपासून वारा वाढणार म्हणून त्या एक दिवस आधीच, त्या दुपारच्या फेरीने आल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, बुटांत वाळू, पाठीवर पिशवी. खुर्ची ओढून आमच्याशेजारी बसल्याच. बापटांच्या हातातला कागद हळूच परत टेबलावर आला.

बाईंनी सगळी मोजणी पाहिली. वेगवेगळ्या लिप्यांतली नावं एकाच माणसाची आहेत का, हे त्यांनी मेसमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून खात्री करून घेतली. मग मान हलवत म्हणाल्या, "मी बऱ्याच देशांत या समित्या पाहिल्या. एवढं मतदान कुठे पाहिलं नाही. हे मिस्टर गोताड कोण?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. मिस्टर गोताड बनियनवर धोब्याशी भांडत होते.

बापटांनी नियमावली दोनदा वाचली. मत कोणी द्यायचं याला अटी होत्या, पण त्या बाईंपुढे काढायच्या तर फोटोतली रांग खोटी ठरत होती. निवडून कोणी यायचं याबद्दल, तो बेटाचा रहिवासी हवा एवढं सोडलं तर, एक ओळही नव्हती. साहेबांना त्या बाबतीत अटीची गरज पडेल असं वाटलंच नसावं. साहेबांना कळलं तेव्हा ते बाईंसमोर "फारच छान" म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

अशा रीतीने अकाउंट्सचे गृहस्थ आणि विलास गोताड कॉलनी कौन्सिलवर निवडून आले. सभेचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या सभेला गोताड इस्त्रीचा शर्ट घालून आला. कुंपणाच्या पलीकडे तो पहिल्यांदाच दारातून गेला असेल, एरवी मचाण बांधायला मागच्या बाजूने नेत. कौन्सिलची भाषा इंग्रजी. म्हणून ठरलं की गोताडने मराठीत बोलावं आणि बापटांनी भाषांतर करावं. मांजरांचा विषय झाला, टेनिस कोर्टाचा झाला, मग गोताड उठला.

"जेवायच्या टायमाला साइटवर सावली नाय. मानसं गाडीखाली झोपतात. शेड पायजे. नळ्या हायत, पत्रे हायत, मी दोन दिसांत बांधून देतो."

बापट साहेबांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "दुपारच्या विश्रांतीतील एकंदर वातावरणाबद्दल सन्माननीय सदस्यांनी एक सूचना केली आहे."

साहेब म्हणाले, "नोंद घ्यावी." मी घेतली.

दुसऱ्या सभेत गोताड तेच बोलला, जरा मोठ्याने. बापटांनी सांगितलं की सदस्य आपल्या आधीच्या सूचनेचा आपुलकीने पुनरुच्चार करत आहेत. साहेबांनी आभारपूर्वक नोंद घ्यायला सांगितली. तिसऱ्या सभेत उपसमिती नेमली. शेडचा रंग वाळूसारखा असावा की आकाशासारखा, हा प्रश्न उपसमितीकडे गेला. टेनिस कोर्टाचे दिवे मात्र तोवर लागले होते.

बाहेर पडताना गोताडने मला विचारलं, "काय ओ दादा, मी बोलतो ते त्यांना कळत नाय काय?"

"कळतं रे. भाषांतरात जरा मऊ होतं."

"मग तुमी करा ना भाषांतर."

मी म्हटलं, माझी ग्रेड सहा. त्यावर तो चक्क भांडला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं. दुपारची शिट्टी झाली होती. रामअवध जेवून पाइपच्या ट्रेलरखाली आडवा झाला होता, रोजच्यासारखा. ड्रायव्हरला उतारावरची गाडी सपाटीला घ्यायची होती. त्याने खाली वाकून पाहिलं, पण पुढच्या बाजूने पाहिलं. रामअवधचा पाय मागच्या चाकाशी होता.

मी पोचलो तेव्हा गोताडने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि आपल्या अंगावरच्या शर्टाने त्याच्या तोंडावर सावली धरली होती. ड्रायव्हर वाळूत बसून कपाळ बडवत होता. रामअवध शुद्धीवर होता. मला म्हणाला, "साहब, जूता नया था." हेलिकॉप्टरने त्याला मस्कतला नेलं. पाय वाचला, पण घोट्यापासून वाकडा राहिला. पुन्हा मचाणावर चढण्यासारखा नाही.

दुसऱ्याच दिवशी कौन्सिलची खास सभा बोलावली. विषय होता, वाहनाखाली झोपण्यास मनाई करणारा फलक कुठे लावावा. फलकाचा नमुना टेबलावर ठेवलेला होता. गोताड साइटवरून तसाच आला होता, कपड्यांवर वाळू. तो बसलाच नाही.

"तीन मयने मी एकच गोष्ट सांगतोय," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. "सावली असती तर तो गाडीखाली गेला नसता. तुमच्या दिव्यांना खांब मिळाले. आमच्या शेडला रंग मिळाला नाय. मानूस आता लंगडा होऊन घरी जाईल. लिवा, नोंद घ्या."

सगळे बापटांकडे पाहत होते. बापट पाणी प्यायले. मग त्यांनी ते सगळं, वाक्याला वाक्य, इंग्रजीत सांगितलं. खांब, रंग, लंगडा, नोंद घ्या, काहीही न गाळता. आवाजही गोताडसारखाच ठेवला. आधीच्या तीन सभांत ते इंग्रजी बोलत होते. भाषांतर त्यांनी त्या दिवशी केलं.

साहेबांनी सभा तहकूब केली.

आठवड्याच्या आत शेड उभी राहिली. चांगली मोठी, पत्र्याची, वाऱ्याच्या बाजूला भिंत, आत पाण्याचे कूलर. मात्र ती कौन्सिलच्या ठरावाने झाली नाही. अध्यक्षांना घटनेने दिलेल्या राखीव अधिकारात साहेबांनी ती स्वतःहून मंजूर केली. मला सांगण्यात आलं तसं मी वृत्तान्तात "अध्यक्षांच्या पुढाकाराने" असं लिहिलं. उद्घाटनाची फीत साहेबांनी कापली. त्या दिवशी शेडमध्ये बसून जेवताना सगळ्यांच्या घशाखाली घास जात होता, माझ्याही जात होता. फक्त ही शेड महिनाभर आधी का नाही, हा विचार तेव्हाही आला आणि आजही येतो.

त्यानंतर लवकरच गोताडची बदली सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या यार्डात झाली. बढती म्हणून झाली, फोरमनची. कौन्सिलचा सदस्य बेटाचा रहिवासी हवा, असा एक नियम होता, त्यामुळे त्याचं सदस्यत्व आपोआप गेलं. यात कोणाचा काही वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही.

पोटनिवडणूक जाहीर झाली. नव्या मतपत्रिकेत ती रिकामी रेघ नव्हती, आणि नियमावलीत सदस्याच्या ग्रेडची अट आली होती. मतदान आटोपल्यावर बापटांनी मला पुन्हा रांग उभी करायला सांगितलं, पण सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाहेर जाऊन हाळी दिली. माणसांनी धुण्याच्या दोरीवरून माना वर केल्या. एका वयस्क पठाण फिटरने विचारलं, "लिखना है, या सिर्फ़ खड़ा होना है?"

"सिर्फ़ खड़ा होना है."

"फिर कपड़े सुखा लें, साहब," तो म्हणाला आणि सगळे पुन्हा धुण्याला लागले. मी आत येऊन बापटांना सांगितलं, आज ऊन चांगलं आहे, लोक कामात आहेत. ते म्हणाले, "असू दे." त्या निवडणुकीचा फोटो निघाला नाही.

निवृत्त होऊन निघालो तेव्हा मस्कतला दार्सैतमध्ये ओळखीच्यांकडे दोन दिवस होतो. त्यातला एक दिवस काढून मी सोहारला गेलो. गोताड यार्डाच्या गेटवर उभा होता. फोरमनचं पांढरं हेल्मेट, पोट जरा सुटलेलं. मला वाटलं होतं, माणूस खचला असेल, चार शब्द धीराचे बोलावे. तर तोच मला म्हणाला, "बरं झालं ओ दादा, मसिऱ्यात कॅम्पच्या खोलीत नेटवर्क नव्हतं. हितं पोरगीशी रोज बोलतो."

रामअवधचीही खबर त्याच्याकडे होती. गावी शिलाईचं मशीन टाकलंय, चालवायला एक पाय पुरतो म्हणतो.

मी विचारलं, "इथं आहे का रे काही समिती, कौन्सिल?"

"नाय. म्हनून तर कामं लवकर होतात. आल्या आल्या कूलरवरून भांडलो, चार दिसांत कूलर आला. तिकडं आदी निवडून यावं लागलं."

चहा झाला. कामगारांची बस शहराकडे निघत होती आणि मला टॅक्सीच्या थांब्यापर्यंत जायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, बाहेरच्या माणसाला घेता येत नाही, कंपनीचा नियम आहे. मी चालत जातो म्हणत होतो, पण गोताड तोवर बसच्या दारात पोचला होता. "कौन सा नियम? दिखाओ. किसने लिखा?" असं सुरू झालं. आतली माणसं खिडक्यांतून बघू लागली, दोघंतिघं त्याच्या बाजूने बोलूही लागली. शेवटी ड्रायव्हर थकून म्हणाला, "बैठो चाचा, बैठो."

मी बसलो. बस सुटली. काच बंद होती, एसी चालू होता. गोताड बसच्या बाजूने चालत होता आणि हात हलवून काहीतरी सांगत होता. मला वाटलं निरोप देतोय, म्हणून मीही हात हलवला. शेजारचा माणूस म्हणाला, "नहीं साहब, वो बोल रहा है कि आपकी खिड़की का परदा फटा है, कल बदलवाएगा."

पडदा फाटलेला होता खरा. बस गेटबाहेर वळली तेव्हा तो वॉचमनशी बोलायला थांबला होता, आणि वॉचमन मागे सरकत होता.